लोरीन फोनवर ‘हो’ म्हणत नाही

लोरीन साबोल आणि मी, आम्ही दोघींनी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काढली. ती ओव्हनपाशी, मी वाढायला. तीनशे मुलांचं जेवण अकराला तयार पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि लोरीन होती तोवर ते एकदाही सव्वाअकरावर गेलं नाही. बोलणं मोजकं. फारच राग आला तर पातेलं जरा आपटून ठेवायची, तेवढ्यावर आम्ही सगळ्या गप्प. मी तिच्या अगदी उलट. माझ्या तोंडाला कधी खीळ नाही, आणि त्यापायी काय झालं तेच सांगायला बसले आहे.

तिचं घर जॉन्सटाउनच्या चढावर, रस्त्यापासून दारापर्यंत सत्तेचाळीस पायऱ्या. एमिल, तिचा नवरा, पोलादाच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यावर नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवायला लागला. गावाचा बर्फ काढून घरी यायचा आणि मग स्वतःच्या सत्तेचाळीस पायऱ्यांचा काढायचा. मूलबाळ नाही. चव्वेचाळीस वर्षं दोघंच. या जानेवारीत एकतिसाव्या पायरीवर तो खोरं टेकून खाली बसला आणि उठला नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले पाच-सहा शब्द आणि डावा हात. एकतिसावी पायरी हे लोरीननेच मला सांगितलं. कधी मोजली असेल कोण जाणे.

पण आधी दोन वर्षांपूर्वीची भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दवाखान्यांची बिलं करणाऱ्या कुठल्याशा कंपनीतून माणसांची यादीच्या यादी चोरीला गेली. त्यात लोरीनचं नाव होतं. दोन महिन्यांनी तिच्या दारात पत्र आलं, की तुम्ही ॲरिझोनात पाण्यावर पळवायची मोटरसायकल हप्त्याने घेतली आहे, तर हप्ते सुरू करा. लोरीनला पोहता येत नाही. ती ॲरिझोनात गेली नाही, आणि तिथे इतकं पाणी कुठून आलं तेही आम्हाला कळलं नाही. पोलिसांत तक्रार दिली तर तिथला माणूस आधी हसला आणि मग माफी मागितली. पत्रं, शपथपत्रं, शिक्के यांत सात महिने गेले. ते सगळं निस्तरल्यावर कोणीतरी सुचवलं, म्हणून तिने आपल्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे उधारी-हप्त्यांच्या नोंदीवर, फसवणुकीचा इशारा लावून घेतला. पोलिसांचा कागद होता, त्यामुळे चांगला सात वर्षांचा.

हा इशारा म्हणजे काय, तर कोणीही लोरीनच्या नावावर काही मागायला आलं की देणाऱ्याने आधी लोरीनला फोन करायचा आणि विचारायचं, बाई, या तुम्हीच का? ऐकायला किती झकास! लावायला फुकट आणि सोपा. रिपोर्ट ठेवणाऱ्या तीन कचेऱ्या आहेत, त्यातल्या एकीला सांगितलं की तीच बाकीच्या दोघींना कळवते. लोरीन म्हणाली, “चला, दाराला कुलूप तरी लागलं.”

कुलूप लागलं ते तिलाच. सहा महिन्यांनी तिच्या नावावर कोणीतरी नवाकोरा मोबाइल उचलला. दुकानातल्याने तो इशारा वाचायची तसदीच घेतली नाही. आणि लोरीनचा स्वतःचा फ्रीज बंद पडला आणि ती हप्त्याने नवा घ्यायला गेली, तेव्हा तिथल्या पोरीने मात्र अक्षर न् अक्षर वाचलं. “तुम्हाला फोन येईल हं.” तो यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस साबोलांचं दूध मागच्या पायरीवर बर्फात खोचलेलं होतं. एमिल म्हणायचा, “चोराला दुकानात गेल्या गेल्या मिळतं. तू त्यालाच सांग ना फ्रीज आणायला.” तेव्हा एमिल बोलत होता.

त्याच सुमारास चर्चच्या तळघरात पोलीस खात्यातला एक अधिकारी आम्हा म्हाताऱ्यांना शहाणं करायला आला. कॉफी प्याला, केक खाल्ला आणि तीन नियम सांगून गेला. अनोळखी नंबर उचलायचा नाही. उचललाच तर नाव सांगायचं नाही. आणि काही झालं तरी ‘हो’ म्हणायचं नाही, कारण ते लोक तुमचा ‘हो’ टेप करतात आणि पुढे वाटेल तिथे चिकटवतात. खरंखोटं देव जाणे. पण पॉलीनने, म्हणजे आमच्या तळघराची जी स्वयंघोषित मुख्याध्यापिका आहे तिने, ते तीन नियम मोठ्या अक्षरांत लिहून तिथल्या फ्रीजवर चिकटवले, आणि आमच्यापुरता तो कायदा झाला. महिनाभर मी सख्ख्या बहिणीशी सुद्धा फोनवर ‘बोल, बोल’ एवढंच म्हणत होते. तिला वाटलं मला बरं नाही.

आता या वर्षाचं. फेब्रुवारीअखेर एमिलला इस्पितळातून शुश्रूषागृहात हलवलं होतं. तिथल्या बाईने लोरीनला बसवून नीट सांगितलं, की मार्चअखेरपर्यंत त्याला बिनपायऱ्यांच्या घरात नेता आलं तर न्या. नाहीतर त्याची खाट इथे कायमची होईल, आणि एकदा तसं झालं की परत जाणारे फार थोडे. लोरीन बाहेर आली आणि माझ्या गाडीत बसली. पट्टा लावला, काढला, परत लावला. मग म्हणाली, “थेक्ला, सत्तेचाळीस पायऱ्यांचं काय करतात गं लोक?”

मला काय ठाऊक! पण शोधायला लागलो. आणि नशीब बघा, आमची जुनी शाळा, ती बंद पडून तिथे राहायचे ब्लॉक केले होते, त्यात तळमजल्यावर एक रिकामा होता. दोन नंबर. आत गेलो तर आम्ही दोघी हसतच सुटलो. ते आमचं स्वयंपाकघर! जिथे ताटं धुवायचं मशीन होतं तिथे झोपायची खोली. लोरीनने टेप काढून दारं मोजली, न्हाणीघर मोजलं, खुर्ची वळते की नाही ते मलाच एका खुर्चीत बसवून फरशीवर ओढून पाहिलं. ब्लॉकची व्यवस्था बघणारी कार्ला फेट्टी म्हणाली, “माझ्याकडून पक्कं समजा. आणखी एकांनी विचारलंय, पण तुम्ही पहिल्या. फक्त अर्ज तपासणारे लोक बाहेरगावचे आहेत, त्यांचं आलं की किल्ली तुमची.”

तपासणारे फोन करतील हे कार्ला बोलली नाही. लोरीनने विचारलं नाही. इशारा आहे हे ती विसरली नव्हती, पण तो कर्जासाठी, फ्रीजसाठी, मोटरसायकलीसाठी. भाड्याने राहणं म्हणजे काही उधार मागणं नव्हे, असा तिचा हिशेब. मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

त्या संध्याकाळी तिने एमिलला सांगितलं. त्याने विचारलं, “खाली?”

“खाली. एकसुद्धा पायरी नाही.”

“दोघं?”

“मग काय तुला एकट्याला पाठवू?”

तो अर्ध्या तोंडाने हसला. मी दाराशी उभी होते, म्हणून सांगते. इतकं बरं वाटलं मला की मी तिथल्या नर्सलाच मिठी मारली.

पुढच्या बुधवारी तळघरात आमचा पिरोगीचा घाणा होता. ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार, माशांच्या जेवणासोबत शंभर डझन पिरोगी लागतात. पॉलीन पाऱ्या लाटत होती, मी बटाटा-चीजचं सारण भरत होते, लोरीन कडा दाबत होती. तिने दाबलेली कड उकळत्या पाण्यात कधी सुटत नाही. इतक्यात टेबलावर तिचा फोन थरथरला. अनोळखी नंबर. एरवी तिने ढुंकून पाहिलं नसतं, पण एमिलच्या चाकाच्या खुर्चीबद्दल कोणाचा तरी फोन येणार होता. तिचे हात पिठाचे. मी बोटाच्या पेराने बटण दाबलं आणि आवाज मोठा केला.

“नमस्कार. मी लोरीन साबोल यांच्याशी बोलतोय का?”

लोरीनचे ओठ उघडले होते. पॉलीनने लाटणं उचलून फ्रीजवरच्या कागदाकडे दाखवलं. ओठ मिटले.

“कोण बोलतंय?” लोरीन म्हणाली.

“मॅडम, आधी आपणच लोरीन साबोल ना, एवढं सांगा. मग मला पुढचं बोलता येईल.”

“आधी तुम्ही कोण ते सांगा.”

“आपली ओळख पटल्याशिवाय मला ते सांगता येत नाही, मॅडम.”

“झालं!” पॉलीन कुजबुजली, म्हणजे तिच्या हिशेबाने कुजबुजली, जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल. “हाच तो! अगदी असंच बोलतात.”

“मी दोन-तीन प्रश्न विचारतो,” तो म्हणाला. आवाज तरुण होता, दमलेला होता, आणि मागे असेच आणखी वीस आवाज चालू होते. “तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा.”

“ऐकलंत?” पॉलीन. “एवढंच हवंय मेल्याला!”

लोरीन माझ्याकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत प्रश्न होता, आणि तो मला नीट दिसला होता हे मी आता कबूल करते. तिला काहीतरी खटकत होतं. ती म्हणाली, “कशाबद्दल आहे तेवढं तरी सांगा हो.”

“मॅडम, हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.”

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. हे वाक्य आम्हाला त्या मोटरसायकलीच्या वेळी सगळ्यांनी ऐकवलं होतं. माझं डोकं फिरलं. मी फोन उचलला आणि पिठाच्या हातांनी तोंडापाशी धरला.

“काय रे, तुझ्या आईला ठाऊक आहे का, तू दिवसभर म्हाताऱ्या बायकांना फोन करून छळतोस ते?”

त्याने विचारलं, “आपण अर्जदार आहात का?”

“मी तिची वकील आहे!”

बायका खदाखदा हसल्या. तो म्हणाला, “मॅडम, हा आमचा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न आहे. यानंतर मला नकार नोंदवावा लागेल.”

“शेवटचाच असू दे. नोंदव, ठळक नोंदव!” असं म्हणून मी फोन ठेवला.

टाळ्या पडल्या. पॉलीनने लाटण्याने सलाम ठोकला. आणि लोरीन हसली, जानेवारीपासून पहिल्यांदा अशी मोकळी हसली, तिच्या नाकाला पीठ लागलं होतं. त्या दिवशी आम्ही शंभरच्या ऐवजी एकशेदहा डझन केल्या.

शुक्रवारी जेवणाच्या रांगेत कार्ला फेट्टी आली. तिने ताट घेतलं नाही. लोरीनला बाजूला घेऊन म्हणाली, “मला फार वाईट वाटतंय. त्यांनी कळवलं, की अर्जदाराने ओळख द्यायला नकार दिला. तुमच्या नावावर काही इशारा आहे म्हणे. मी भांडले, पण मालकांनी दुसऱ्यांना हो म्हटलंय. काल सह्या झाल्या.”

लोरीनने फक्त विचारलं, “तिसरा म्हणाला तो. आधीचे दोन कधी आले?”

आले होते. उचलले नव्हते, कारण नंबर अनोळखी. आणि निरोपही ठेवता आला नव्हता, कारण तिच्या फोनमधली निरोपांची जागा भरून गेली होती. ती रिकामी करायला ती कोणाला देत नसे. त्यात एमिलचा डिसेंबरमधला एक निरोप होता, येताना मीठ आण, पायऱ्यांसाठी.

मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस पायऱ्या चढून तिच्या दाराशी गेले आणि जे ठरवून गेले होते ते विसरून रडतच सुटले. “माझ्यामुळे झालं. मी मेलीने तोंड उघडलं नसतं तर...”

ती बटाटे सोलत होती. “फोन माझा होता.”

“पण ठेवला मी!”

“तू ठेवला नसतास तर पाच मिनिटांनी मी ठेवला असता, थेक्ला. आत ये, थंडी शिरतेय.”

तिने मला सुरी दिली. आम्ही बटाटे सोलले. ती रागावली असती, पातेलं आपटलं असतं, तर मला सोसलं असतं. पण ती दमली होती. रागवायलाही अंगात काही लागतं.

मग तो इशारा काढायच्या मागे लागलो, पुढे दुसरी जागा निघाली तर पुन्हा हे नको म्हणून. लावताना एकीला सांगितलं की तिघींना कळत होतं. काढताना तिघींना वेगवेगळं लिहायचं. तिघींना पुरावे हवेत, राहत्या पत्त्याची बिलं हवीत, लोरीनच्या नावाची. लोरीनच्या नावावर एकही बिल नव्हतं! गॅस एमिलच्या, वीज एमिलच्या, पाणी एमिलच्या, घरसुद्धा. आमच्या पिढीत असंच असायचं, त्यात कोणाला काही वाटलं नाही. ती नावं बदलायची तर एमिलची सही हवी, आणि सहीचा हात मांडीवर पडलेला. चोराला लोरीन व्हायला एक दुपार पुरली. लोरीनला लोरीन व्हायला मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. फोनवर तासन् तास थांबायचं, आणि मग कोणीतरी म्हणायचं, सुरक्षिततेसाठी आपली ओळख पटवा. आता ती ‘हो’ म्हणत होती. प्रत्येकाला म्हणत होती. जूनपर्यंत दोन कचेऱ्यांनी इशारा काढला. तिसरीचं अजून चाललंय.

तळमजल्याची दुसरी जागा काही निघाली नाही. एप्रिलमध्येच एमिलची खाट कायमची झाली. दाराबाहेर त्याच्या नावाची पाटी लागली, छापील.

लोरीन रोज बसने जायची, दोन बस बदलून. मी म्हटलं, मी सोडते. मंगळवार-गुरुवार सोडत होते. ऑगस्टमध्ये एके दिवशी गाडीत म्हणाली, “तिथल्या स्वयंपाकघरात बाई हवीय. सकाळची पाळी.”

“मग?”

“मग मी विचारलं.”

“लोरीन, तू एकोणसत्तर वर्षांची आहेस.”

“त्यांना म्हटलं ते. ते म्हणाले, दीडशे माणसांचं जमेल का? म्हटलं, मला तीनशेची सवय आहे.”

“आणि फोन? चौकशी?”

“काही नाही. हात दाखवा म्हणाले, स्वच्छ आहेत का ते बघायला.”

तर आता ती पहाटे सहाला तिथे असते. सूप करते, कोबी-नूडल्स करते, ज्यांना चावता येत नाही त्यांचं वेगळं वाटून देते. अकराला जेवण तयार. वाढायच्या खिडकीतून तिला एमिलची खुर्ची दिसते आणि त्याला तिची जाळीची टोपी. मला वाटलं, चला, शेवटी का होईना, काहीतरी बरं झालं. घरी आणता आलं नाही तर ही तिथे गेली. मी पॉलीनला असं सांगितलंही, आणि आम्ही दोघींनी जरा हलकं वाटून घेतलं.

एरवी ती बसनेच परतते, पण मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच मी तिला आणायला गेले आणि आत जाऊन बसले. अडीचला पाळी संपली. लोरीनने एप्रन काढला, हात धुतले, कोट घातला आणि एमिलपाशी आली. तर एमिलने डाव्या हाताने मांडीवरची लोकरीची टोपी उचलली, डोक्यावर घातली, नीट कानांपर्यंत ओढली. मग वाकून खुर्चीचा ब्रेक सोडला.

“चल,” तो म्हणाला.

चाळीस वर्षं कारखान्यात आणि ट्रकवर काढलेला माणूस. पाळी संपली की घरी जायचं असतं, एवढं त्याला पक्कं माहीत आहे.

लोरीनने कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीला लावला. “अजून थोडं काम आहे रे,” ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसली. तो टोपी घालून दाराकडे बघत राहिला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

गाडीत मी तिला विचारलं, “रोज?”

“रोज.”

“मग तू निघतेस कशी?”

“टोपी काढेपर्यंत बसते. कंटाळला की स्वतःच काढतो.” तिने पट्टा लावला. “पहिल्या आठवड्यात तीन-साडेतीनला काढायचा. हल्ली साडेपाच होतात.”